तारण आणि तारणहार

वर्तमानपत्रांच्या आतील पानांवर बारीक टायपात छापलेल्या कायदेशीर सूचना बहुतेक वाचक वाचीत नाहीत. 'मागणी सूचना', 'कब्जा सूचना', 'लिलावाची जाहीर सूचना' अशा मथळ्यांखाली तेथे कर्जदारांची नावे असतात, जामीनदारांची नावे असतात, थकलेली रक्कम पैशापर्यंत मोजून लिहिलेली असते आणि शेवटी त्या घराच्या चतुःसीमा असतात. आपण ते पान उलटून पुढे जातो. परंतु एक वर्ग असा आहे की, जो सकाळी प्रथम तेच पान उघडतो. तो नावे टिपून घेतो, पत्ता हुडकून काढतो आणि चार दिवसांच्या आत त्या घराच्या पायरीवर येऊन उभा राहतो. "काका, तुमची अडचण आमच्या कानावर आली. मुळीच घाबरू नका. तुमचे घर आम्ही वाचवतो," असे तो म्हणतो.

हा लेख आम्ही त्या माणसाविरुद्ध लिहीत आहोत. आणि वाचकांनी राग मानू नये, त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणाऱ्या आपणा सर्वांविरुद्धही लिहीत आहोत.

मराठी भाषेने कर्जापोटी अडकविलेल्या वस्तूला 'तारण' हा मोठा विलक्षण शब्द दिला आहे. जे घर गहाण पडते, तेच तारण. तारण म्हणजे सावकाराचा पैसा तारून नेणारी वस्तू. आपण ख्रिस्ती माणसे 'तारणारा' हा शब्द फार जपून उच्चारतो. अशा समाजात कोणी एक अनोळखी इसम हातात कागदांची पिशवी घेऊन येतो, स्वतःला घराचा तारणहार म्हणवितो आणि आपण त्याला बसावयास खुर्ची देतो, याचे आम्हांस दुःखापेक्षा नवल अधिक वाटते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. वसईच्या पट्ट्यातील कोणत्याही गावात असे एखादे घर सापडेल. वडिलांनी निवृत्तीचा पैसा घालून वडिलोपार्जित बिगरशेती जागेवर घर बांधले. पुढे मुलाला आखातात पाठविण्यासाठी आणि मुलीच्या शिक्षणासाठी त्याच घरावर कर्ज काढले. २०२० साली महासाथ आली, मुलाची नोकरी गेली, हप्ते थकले. काही काळाने नोटीस आली. ती इंग्रजीत होती. वडिलांनी ती देव्हाऱ्याच्या मागे ठेवून दिली आणि कोणालाही, अगदी सख्ख्या भावालाही, एक शब्द सांगितला नाही. पुढे घराच्या दारावर कागद डकवला गेला, वर्तमानपत्रात नाव छापून आले आणि त्याच आठवड्यात तो पायरीवरचा माणूस हजर झाला.

बँकेचे देणे अकरा लाखांच्या घरात होते. घराची किंमत आजूबाजूच्या व्यवहारांवरून चाळीस लाखांहून कमी नव्हती. तारणहाराने सांगितले, "बँकेचे पैसे मी भरतो. तुम्ही मला सवडीने द्या. फक्त माझ्या समाधानासाठी घर कागदोपत्री माझ्या नावावर करून ठेवू. दोन वर्षांत पैसे फेडा, घर पुन्हा तुमचे." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत झाले. किमतीचा भरणा दिसावा म्हणून रक्कम वडिलांच्या खात्यात आली, आणि आधीच सही करून घेतलेल्या कोऱ्या धनादेशांवरून बँकेच्या देण्याखेरीज उरलेली सारी रक्कम दोन दिवसांत दुसऱ्याच्या खात्यात गेली. घर परत देण्याचे वचन एका निराळ्या साध्या मुद्रांकावर लिहिले गेले आणि त्याची प्रतही त्यांना मिळाली नाही. सर्वांत शेवटी, "नियमाप्रमाणे लागतो" असे सांगून, अकरा महिन्यांचा अनुज्ञप्ती करार त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्या माउलीने विचारले, "हे कशाचे?" उत्तर मिळाले, "आई, तुम्ही इथेच राहणार ना, त्याचे." ज्या ओट्यावर तिने दोन मुलांना वाढविले, त्या ओट्यावर बसण्यासाठी ती त्या दिवसापासून परक्या माणसाची परवानगी घेऊन राहू लागली. बारावा महिना उजाडला तेव्हा घर तिसऱ्याच इसमाला विकले गेले होते. आज ते कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते आणि दिवाणी न्यायालयात तारखा मोजते.

ही हकीकत सांगताच आम्हांस नेहमी एक प्रश्न विचारण्यात येतो: नाहीतरी बँकेने घर घेतलेच असते, मग यात निराळे काय झाले? या प्रश्नात या सबंध फसवणुकीचे मूळ दडलेले आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

बँकांना न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार देणारा कायदा २००२ साली झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सरफेसी' म्हणतात. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, असा निर्वाळा कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये दिला. हा कायदा कठोर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कर्जदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरावी आणि मगच न्यायाधिकरणाची पायरी चढावी, अशी अट त्यात मुळात होती. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली, यावरून कायदा करणाऱ्यांचा कल कोणीकडे होता ते दिसते. तरीही त्या कायद्याला दारे आहेत. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला म्हणजे खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँकेने साठ दिवसांची मागणी सूचना दिली पाहिजे. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर बँकेने पंधरा दिवसांच्या आत कारणांसह उत्तर दिले पाहिजे. ताबा घेण्याची कारवाई झाली, तर पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावापूर्वी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून किंमत ठरवून घ्यावी लागते, आणि जाहीर लिलावाची सूचना दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, छापावी लागते. २०१६ च्या दुरुस्तीनुसार ही लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंत सर्व देणे खर्चासह भरून घर सोडवून घेण्याचा हक्क कर्जदाराला आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. मुद्दल व व्याज मिळून वीस टक्क्यांहून कमी देणे उरले असेल, तरीही तो लागू होत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, लिलावातून आलेल्या पैशातून बँकेचे देणे आणि खर्च वजा जाता जी रक्कम उरेल, ती त्या मालमत्तेच्या हक्कदाराला परत मिळाली पाहिजे, असे तोच कायदा सांगतो.

आता वर दिलेल्या घराचा हिशेब वाचकांनीच करावा. चाळीस लाखांचे घर लिलावात पडेल भावाने अठ्ठावीस लाखांना गेले असते असे धरू. अकरा लाखांचे देणे आणि वर दोन लाखांचा खर्च वजा केला, तरी पंधरा लाख रुपये त्या वडिलांच्या हाती परत आले असते. वेळीच बँकेशी बोलून त्यांनी स्वतः गिऱ्हाईक पाहून घर विकले असते, तर त्याहून दहा लाख अधिक आले असते. एखाद्या लहानशा सदनिकेची सोय त्यात सहज झाली असती. तारणहाराने त्यांच्या हाती काय ठेवले? शून्य. बँक आपले देणे घेते आणि बाकी परत देते. तारणहार देणे भरल्याचा आव आणतो आणि बाकीच गिळतो. त्याचा डोळा तुमच्या कर्जावर कधीच नसतो. कर्ज फिटून जे तुमचे उरणार असते, त्याच्यावर असतो. म्हणूनच ज्याचे देणे घराच्या किमतीइतकेच झाले आहे, त्याच्या पायरीवर हा माणूस सहसा फिरकत नाही. ज्याने पंधरा वर्षे इमानाने हप्ते भरले आणि शेवटच्या टप्प्यात जो अडखळला, त्याच्याकडेच तो येतो. जितका अधिक इमानदार कर्जदार, तितकी मोठी शिकार.

या तारणहारांचे तीन प्रकार आमच्या पाहण्यात आहेत. पहिला 'सल्लागार'. तो बँकेशी एकरकमी तडजोड करून देतो, स्थगिती आणून देतो असे सांगून आगाऊ पैसे घेतो आणि "आता बँकेत जाऊ नका, फोन घेऊ नका, सर्व माझ्यावर सोडा" असे बजावतो. वर सांगितलेली साठ दिवसांची, पंचेचाळीस दिवसांची दारे एकामागून एक बंद होत जातात, तेव्हा हा बाहेर पहाऱ्यावर बसलेला असतो. मात्र पहारा असतो तो कर्जदारावर. दुसरा प्रकार अधिक धीट आहे. तो 'कर्जमुक्ती प्रमाणपत्र' विकतो. बँकांचे पैसे परत करण्याची गरजच नाही, असा प्रचार करून सेवाशुल्काच्या व कायदेशीर शुल्काच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध ११ डिसेंबर २०२३ रोजी खुद्द रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. तिसरा प्रकार आपण वर पाहिलाच. तो शुल्क मागत नाही. तो फक्त सही मागतो.

हा तिसरा प्रकार आमच्या मुलखाला नवा नाही. केवळ त्याचे कपडे नवे आहेत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून जे उठाव सुरू केले, त्यांत त्यांनी मुख्यतः जाळले ते कागद: गहाणखते, रोखे, खरेदीखते. त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांना नेमके ठाऊक होते की, आपली जमीन कोणत्या वस्तूने नेली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो संरक्षक कायदा इंग्रज सरकारला करावा लागला, त्यात पुढे अशी तरतूद आली की, दस्तऐवज वरवर खरेदीचा दिसला तरी मुळात तो व्यवहार कर्जाचा होता काय, हे न्यायालयाने उकरून पाहावे. याचा अर्थ असा की, दीडशे वर्षांपूर्वीच्या सावकारानेही हेच सांगितले होते: फक्त कागदोपत्री, फक्त माझ्या समाधानासाठी.

"माणूस सज्ञान आहे, त्याने सही केली, आता रडून काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या शहाण्यांना आम्ही हा इतिहास दाखवू इच्छितो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात सशर्त विक्रीच्या गहाणाची व्यवस्था आहे. तथापि, परत देण्याची अट त्याच दस्तऐवजात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही, अशी तरतूद १९२९ पासून आहे. तारणहाराला ही तरतूद तोंडपाठ असते. म्हणूनच तो परतीचे वचन तोंडी देतो किंवा वेगळ्या कागदावर लिहितो. ज्याला कायदा ठाऊक आहे तो, ज्याला तो ठाऊक नाही त्याच्यापासून एक वाक्य लपवून ठेवतो, आणि त्या लपविण्यातूनच त्याला चाळीस लाखांचे घर मिळते. याला सज्ञान माणसांमधील करार म्हणणे ही शब्दांची विटंबना आहे. खरेदीखत केवळ देखावा होता, हे दाखविण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. परंतु तो पुरावा देण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहण्याचे बळ, ज्याचे घर गेले आहे त्याने कोठून आणावे?

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने याहून जवळची वाट ठेवली आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही मनमानी व्याज घेता येत नाही. तारणी कर्जासाठी शेतकऱ्यांना ९ टक्के आणि इतरांना १५ टक्के असे वार्षिक दर २०१४ साली शासनाने ठरवून दिले. आणि सावकारीच्या ओघात, खरेदी, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही नावाने, बळकावलेली स्थावर मालमत्ता मूळ धन्याला परत देण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम १८ ने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला आहे. त्यासाठी दिवाणी दाव्याचे मोठे शुल्क भरावे लागत नाही. अर्ज करावा लागतो, आणि तो वेळेत करावा लागतो. खरेदीखताच्या आड लपलेली सावकारी ओळखण्यासाठीच ही तरतूद आहे.

मुखत्यारपत्राविषयीही दोन शब्द. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे "नुसते मुखत्यारपत्र तर आहे, घर कोठे जाते?" असा धीर लोक स्वतःला देतात. पण विक्रीचा अधिकार असलेले मुखत्यारपत्र ज्याच्या हाती आहे, तो तुमच्या नावाने तिसऱ्याला खरेदीखत करून देऊ शकतो. घर मुखत्यारपत्राने जात नाही हे खरे. ते त्याच्या पुढच्या पायरीने जाते.

आमच्यावर दुसरा आक्षेप असा येईल की, आम्ही कर्जबुडव्यांची बाजू घेत आहोत. तसे मुळीच नाही. घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, यात आमच्या मनात दुमत नाही. ज्या पतसंस्था आणि बँका आपल्याच माणसांच्या ठेवींवर उभ्या आहेत, त्यांचे पैसे बुडविणे म्हणजे शेजाऱ्याचाच पैसा बुडविणे होय. आमचे म्हणणे एवढेच आहे की, फेडण्याचा मार्ग बँकेच्या दारातून जातो. त्या दाराकडे पाठ फिरवावयास शिकविणारा माणूस कर्जदाराचा मित्र नव्हे आणि ठेवीदाराचाही नव्हे.

तिसरा आक्षेप प्रामाणिक सल्लागारांच्या वतीने येईल. असे सल्लागार आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. खरा आणि खोटा ओळखावा कसा, याचे उत्तर अमेरिकेने आपल्या अनुभवातून काढले आहे. २००८ च्या सुमारास तेथे लक्षावधी घरांवर जप्तीची वेळ आली, तेव्हा तेथेही जप्तीच्या सार्वजनिक नोंदी वाचून असेच तारणहार घरोघर फिरू लागले. तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१० साली नियम केला. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून सवलतीचा लेखी प्रस्ताव आणून तो घरमालकाने स्वीकारल्यावाचून सल्लागाराने एक डॉलरही घेऊ नये. कर्ज देणाऱ्याशी बोलू नका, असे त्याने घरमालकाला सांगू नये. आपला सरकारशी संबंध नाही आणि सवलत मिळेलच याची शाश्वती नाही, हे त्याने स्पष्ट सांगावे. वकिलांसाठी त्यात काही अटींवर सूट आहे. या नियमाने प्रामाणिक माणसाचे काय बिघडते? काम झाल्यावर मोबदला घ्यावयास जो तयार नाही, त्याला आपल्या कामावर स्वतःचाच विश्वास नाही, असे का समजू नये? असाच नियम आपल्या देशात व्हावा, अशी मागणी आम्ही करतो आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी ती विधिमंडळात व संसदेत लावून धरावी, अशी अपेक्षा करतो.

बँकांनाही दोष दिल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. कर्ज देताना बँकेचा माणूस घरी येऊन गोड मराठीत बोलतो. कर्ज थकल्यावर बँक इंग्रजीतून बोलू लागते. ज्या सूचनेवर माणसाचे घर अवलंबून आहे, ती त्याला समजणाऱ्या भाषेत असू नये, यासारखा अन्याय नाही. सूचनेच्या शेवटी चार ओळी मराठीत छापण्यास किती शाई लागते? आपण कोणत्या मुदतीत हरकत घेऊ शकता, कोणाला भेटावे, तडजोडीसाठी कोठे अर्ज करावा, आणि बँकेच्या नावावर कोणालाही पैसे देऊ नयेत, एवढेच तर लिहावयाचे आहे. आपल्या समाजातील सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी तरी याचा पहिला पाठ घालून द्यावा. रोग्याशी न बोलणाऱ्या वैद्याच्या दारातच वैदूचे दुकान चालते.

परंतु कायदा आणि बँक यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. तारणहाराचे खरे भांडवल त्याच्या खिशात नसते. ते आपल्या मनातील लाजेत असते. त्या वडिलांनी नोटीस देव्हाऱ्याच्या मागे का लपविली? गावात कळेल म्हणून. सण आला की यजमानपणात मागे राहू नये, लग्नाच्या मांडवात शेजाऱ्यापेक्षा एक पदार्थ कमी पडू नये, आणि कर्जाचा हप्ता थकला हे मात्र कोणाच्या कानी जाऊ नये! एखाद्याचे नाव वर्तमानपत्रात आले की त्या पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून गावभर फिरते, त्याच्या घरी जाऊन "काय अडचण आहे?" असे विचारणारा मात्र एकही निघत नाही. आजारी माणसाला भेटावयास आपण फळे घेऊन जातो, मृताच्या घरी डोळे पुसावयास जातो. पण ज्याचे घर चालले आहे त्याच्या घरावरून मान वळवून जातो. आपण मान वळविल्यामुळे जी जागा रिकामी राहते, तेथेच तो अनोळखी इसम येऊन बसतो. त्याच्यापाशी निदान सहानुभूतीचे चार शब्द असतात. ते खोटे असतात. पण आपण तर खोटेही बोलत नाही.

पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या ग्रंथात गहाणवटीचे जे नियम आहेत, त्यांचा येथे विसर पडू नये. दळण्याचे जाते गहाण घेऊ नये, कारण त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. आणि गहाण आणावयास धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे. उंबरठ्याचा हा मान हजारो वर्षांपूर्वी एका शेतकरी-धनगर समाजाला कळला होता. सावकारीच्या फासातून गरिबांना सोडविण्यासाठी इटलीत फ्रान्सिस्कन संन्याशांनी पेरुजा येथे १४६२ साली गहाणवटीवर अल्पदरात कर्ज देणारी धर्मादाय पेढी काढली. इतके दूर कशाला जा? वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली कॅथॉलिक सहकारी पेढी उभी राहिली, ती काही श्रीमंतांच्या ठेवी सांभाळण्यासाठी नव्हे. आपल्या पूर्वजांनी सावकाराला शिव्या दिल्या नाहीत. त्याला पर्याय उभा केला. आज कर्ज देणाऱ्या संस्था पुष्कळ झाल्या, इमारती उंच झाल्या; परंतु कर्जात बुडणाऱ्याला हात देणारी व्यवस्था आपल्यापाशी नाही. ती उभी करणे हे आमच्या पिढीचे काम आहे.

त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक धर्मग्रामात एक निवृत्त बँक कर्मचारी, एक वकील आणि एक विश्वासू ज्येष्ठ अशी तीन माणसे महिन्यातून दोन संध्याकाळी बसली, तरी पुष्कळ होईल. नोटीस वाचून तिचा अर्थ सांगावयाचा, मुदती लिहून द्यावयाच्या, बँकेकडे जाताना सोबत जावयाचे आणि सहीपूर्वी प्रत्येक कागद मराठीतून वाचून दाखवावयाचा. बँकेविरुद्धची रास्त तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क करता येते. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर तो उत्पन्नाची कोणतीही अट नसताना मिळतो. ज्या माउलीने "हे कशाचे?" असे विचारले, तिला तो वकील फुकट मिळाला असता. तिला ते सांगणारे कोणी नव्हते. तिला ते माहीत नसणे हा तिचा अपराध नव्हे. आपल्याला माहीत असून न सांगणे हा मात्र आपला अपराध आहे.

अडचणीत असलेल्या वाचकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. नोटीस लपवू नका. ज्या दिवशी ती येईल त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला आणि माहीतगार माणसाला दाखवा. बँकेत जा, आणि जे बोलणे होईल ते लेखी मागा. आगाऊ पैसे मागणाऱ्याला, बँकेत जाऊ नका म्हणणाऱ्याला आणि 'फक्त कागदोपत्री' हे दोन शब्द उच्चारणाऱ्याला निरोप द्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर कदापि सही करू नका. सर्व कर्ज फिटल्यावर घराचे मूळ दस्तऐवज तीस दिवसांच्या आत परत मिळाले पाहिजेत, आणि बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. तो हक्क बजावा. आणि घर ठेवणे खरोखरच शक्य नसेल, तर ते उजळ माथ्याने, योग्य किमतीला स्वतः विका. घर विकण्यात कमीपणा नाही.

बाकीच्या वाचकांना, म्हणजे ज्यांचे हप्ते वेळेवर जात आहेत अशा आपणांस, आमची एकच विनंती आहे. उद्या सकाळी वर्तमानपत्राचे ते बारीक टायपाचे पान उलटून टाकू नका. त्यात ओळखीचे नाव दिसले, तर त्याचे छायाचित्र कोणाला पाठवू नका. चपला घाला आणि त्या घरी जा. तो माणूस निघालेलाच आहे. त्याच्या आधी आपण पोहोचले पाहिजे.